सत्तरीपुढे कुठलं झेपतं? स्तनाच्या कर्करोगावरच्या टार्गेटेड औषधांचं परीक्षण

टार्गेटेड, म्हणजे गाठीतल्या ठरावीक खुणेवर नेम धरणारं, औषध सुरू होणार म्हटलं की घरच्यांना तीन गोष्टी ऐकवल्या जातात: ही किमो नव्हे, केस जात नाहीत, वयस्कांनाही चालतं. तिन्ही अर्धवट खऱ्या आहेत. काही टार्गेटेड इंजेक्शनांच्या पोटात किमोच बसवलेली असते, काही गोळ्यांनी केस चांगलेच विरळ होतात, आणि वयस्कांना चालतं म्हणजे नेमकं कुठल्या वयस्कांना, हे कोणी सांगत नाही. ज्या चाचण्यांवर ही औषधं बाजारात आली त्यांत सत्तरीपुढच्या बायका थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्या बऱ्यापैकी धडधाकट. जिच्या गोळ्यांच्या डब्यात बीपीच्या दोन, मधुमेहाच्या दोन, थायरॉइडची एक आणि झोपेची अर्धी गोळी आधीपासूनच आहे, अशा बाईचा त्या आकड्यांत फारसा हिशेब नाही.

म्हणून इथे प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारला आहे. याचा त्रास दिसतो कुठे? रक्ताच्या रिपोर्टात, ईसीजीच्या पट्टीवर, टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत), की संडासात? आणि तिथे वेळेवर बघणारं माणूस घरात आहे का? गाठीवर कुठलं औषध लागू पडेल हे बायोप्सीचा रिपोर्ट सांगतो. एकाच कामाची दोन-तीन औषधं समोर असली तर निवड मात्र बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर व्हायला हवी.

पहिल्या डोसआधी एक काम पाच मिनिटांत होतं, तरी राहून जातं: जी-८ नावाची आठ प्रश्नांची तपासणी. भूक, तीन महिन्यांतली वजनातली घट, चालणं-फिरणं, स्मरण व मनःस्थिती, बीएमआय, तीनहून जास्त औषधं आहेत का, आपल्या वयाच्या इतरांच्या तुलनेत तब्येत कशी वाटते आणि वय. एकूण गुण १७. १४ किंवा कमी आले तर सविस्तर वार्धक्य-तपासणी करून मगच मात्रा ठरवावी. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांनी स्वतःहून केली नाही तर विचारायला संकोच नको.

ट्रास्टुझुमॅब

हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या, गाठींसाठीचं हे मूळ इंजेक्शन. अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. आपल्याकडे बायोकॉनचं कॅनमॅब २०१४ पासून मिळू लागलं आणि त्यानंतर इतर कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी पर्यायी औषधं, आली. मूळ ब्रँड की बायोसिमिलर, यावर घरोघरी जो खल चालतो त्यात वेळ घालवण्याचं कारण नाही. मान्यता मिळालेलं बायोसिमिलर घ्यावं आणि वाचलेले पैसे एकोसाठी ठेवावेत.

मात्रा वजनावर: पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, पुढे दर तीन आठवड्यांनी किलोला ६. ५५ किलोच्या बाईला पहिल्या वेळी बरोबर ४४० मिलिग्रॅम, म्हणजे एक पूर्ण व्हायल, पुढे ३३०. इथेच उरलेल्या औषधाचा प्रश्न येतो. ४४० च्या व्हायलसोबत येणारं २० मिली पाणी हे जंतुरोधक घातलेलं असतं. तेच वापरून विरघळवलं तर व्हायल २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते आणि तीन आठवड्यांनी उरलेलं वापरता येतं. साध्या इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवलं तर त्याच वेळी वापरून उरलेलं टाकायचं. १५० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये जंतुरोधक नसतं, तिची साठवण करू नये. व्हायलवर विरघळवल्याची तारीख पेनाने लिहिलेली नसेल तर ती उरलेली मात्रा घेऊ नका. हलवून फेस काढलेली, किंवा घरी नेऊन फ्रिजरच्या खणात ठेवलेली व्हायलही बाद समजावी. हे प्रथिन आहे, गोठलं की बिघडतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर मधल्या खणात, मागच्या भिंतीला न टेकवता. दारात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. सलाइन मात्र नॉर्मल सलाइनच, डेक्स्ट्रोज चालत नाही.

पहिल्या सलाइनला थंडी वाजून ताप येणं नेहमीचं आहे, सुमारे चाळीस टक्क्यांत होतं. म्हणून पहिलं सलाइन दीड तास चालवतात आणि नंतरही काही वेळ बसवून ठेवतात. दुसऱ्या वेळेपासून अर्ध्या तासात उरकतं. शिरा सापडत नाहीत अशांसाठी मांडीत त्वचेखाली टोचायचं ६०० मिलिग्रॅमचं रूप आहे. दोन ते पाच मिनिटांत होतं आणि वजनाचा हिशेब नाही. वयस्कांसाठी सोय म्हणून याला पूर्ण गुण. शिवाय केस जात नाहीत, तोंड येत नाही, रक्तपेशी फारशा घसरत नाहीत.

खरा त्रास हृदयात आणि तो गुपचूप येतो. डाव्या कप्प्याचं पंपिंग, ज्याला रिपोर्टात ईएफ म्हणतात, हळूहळू घसरतं. युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ६५ ते ७९ हे वय मध्यम जोखमीत आणि ८० पुढचं जास्त जोखमीत धरलं आहे. बीपी, मधुमेह, आधी झालेली अँथ्रासायक्लिनची लाल किमो या गोष्टी त्यात भर घालतात. उपचाराआधी एक एको आणि मग दर तीन महिन्यांनी एक, हा नियम. चुकतं ते इथे: पहिला एको एका लॅबमध्ये, दुसरा शिबिरात, तिसरा तिसरीकडे. दोन जागांच्या मोजणीत पाच-सात अंकांचा फरक नुसत्या हाताने पडतो, मग ६० चे ५३ झाले ते हृदयामुळे की मोजणाऱ्यामुळे, कळायला मार्ग नाही. एकच जागा, शक्यतो एकच डॉक्टर, आणि ईएफ सिम्प्सन पद्धतीने मोजून आकड्यात लिहिलेला हवा. 'नॉर्मल एलव्ही फंक्शन' एवढाच शेरा असलेला रिपोर्ट परत करावा. ईएफ आधीपेक्षा १० अंकांहून जास्त घसरून ५० खाली गेला, समजा ६२ चा ४८ झाला, तर इंजेक्शन थांबवून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एको करतात आणि मधल्या काळात हृदयाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकींचा ईएफ सावरतो व इंजेक्शन पुन्हा सुरू करता येतं. वेळेत दिसला तर हा त्रास परतवता येतो, ही या औषधाची मोठी जमेची बाजू.

एकोच्या दोन तारखांच्या मधे घरचा वजनकाटा कामी येतो. सकाळी लघवी करून आल्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, रात्री उशाला दुसरी उशी लागू लागली, न्हाणीघरातून येताना धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. पायाच्या सुजेबद्दल एक तिढा आहे. बीपीच्या अॅम्लोडिपिननेही पाय सुजतात. सूज जुनीच आहे की नवी, हे सांगता यावं म्हणून उपचाराआधी घोट्याचा घेर मोजून लिहून ठेवलेला बरा.

इंजेक्शनची तारीख आठवड्याहून जास्त चुकली तर पुढचा डोस पुन्हा ८ मिलिग्रॅमच्या हिशेबाने द्यावा लागतो. लग्नसराई, दिवाळी, गावची जत्रा यांपायी तारखा पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जादा औषधाचा खर्च आणि थंडीतापाची शक्यता दोन्ही परत येतात.

सोबत किमो द्यायची का? जपानमधल्या रिस्पेक्ट नावाच्या चाचणीत ७० ते ८० वयाच्या, शस्त्रक्रिया झालेल्या हर-टू पॉझिटिव्ह बायकांत नुसतं ट्रास्टुझुमॅब आणि किमोसह ट्रास्टुझुमॅब यांची तुलना केली. तीन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण नुसत्या इंजेक्शनात ८९.५ टक्के, किमोसह ९३.८ टक्के. किमो न घेतलेल्यांचं रोजचं जगणं पहिल्या वर्षात अधिक बरं राहिलं. चार टक्क्यांचा तो फरक कोणाला मोठा वाटेल, कोणाला छोटा. पण ठरवण्याआधी तो आकडा त्या बाईच्या कानावर घातलाच पाहिजे, नुसत्या मुलाच्या नाही. हिंडत्याफिरत्या बाईला मधला मार्ग म्हणून आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल बारा वेळा देतात. ते बरंचसं झेपतं, फक्त बोटांना मुंग्या येणं आणि तळपायाची संवेदना जाणं यावर नजर ठेवावी. पाय कुठे पडतोय ते कळेनासं झालं की पुढची पायरी पडण्याची.

भावंडं: नावं सारखी, औषधं वेगळी

ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या दोन इंजेक्शनांत ट्रास्टुझुमॅबला किमो जोडलेली आहे. नावाच्या साधर्म्यामुळे होणारी अदलाबदल हा या गटाचा सर्वांत भीतीदायक दोष. मात्रा पाहा: साधं ६, एमटॅन्सिन ३.६, डेरक्सटेकॅन ५.४ मिलिग्रॅम किलोला. सलाइनही उलटसुलट: पहिल्या दोघांना नॉर्मल सलाइनच, डेरक्सटेकॅनला डेक्स्ट्रोजच. डेकेअरमध्ये बाटली लावण्याआधी व्हायलवरचं पूर्ण नाव सोबतच्या माणसाने वाचावं. सिस्टरना राग येत नाही, चांगल्या डेकेअरमध्ये तर त्या स्वतःच दाखवतात.

एमटॅन्सिनचा त्रास प्लेटलेटमध्ये आणि यकृतात दिसतो. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या, स्टेंट बसवलेल्या बाईला ही जोडी गैरसोयीची. प्लेटलेट ५०,००० खाली गेले की डोस थांबतो. दर डोसआधी सीबीसी आणि एसजीओटी-एसजीपीटी हवेतच.

डेरक्सटेकॅन परिणामकारक आहे यात वाद नाही, पण ते फुप्फुसांना सुजवू शकतं. कोरडा खोकला, थोडं चाललं तरी धाप, बारीक ताप. वय वाढतं तशी ही जोखीम वाढते. खोकला हवेमुळे असेल म्हणून कफ सिरप देत दोन आठवडे काढणं हीच इथली घातक चूक. लक्षणं नसताना फक्त सीटी स्कॅनवर दिसलं तर औषध थांबवून वाट बघता येते. लक्षणं सुरू झाल्यावर मात्र ते कायमचं बंद करावं लागतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात ठेवावा आणि रोज एकाच वेळी, बसून एकदा व सहा मिनिटं चालून एकदा मोजावं. मळमळही बरीच होते. त्यावर ओलान्झापिन लिहून देतात, त्याने वयस्कांना दिवसभर गुंगी येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधली चाचणी २०२४ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आली, तिच्यात २.५ मिलिग्रॅमची मात्रा १० मिलिग्रॅमइतकीच उलट्या आवरते आणि गुंगी कमी आणते असं दिसलं. ती चाचणी दुसऱ्या किमोवर झाली होती, तरी वयस्कांना छोट्या मात्रेने सुरुवात करायला एवढा आधार पुरे.

ट्रास्टुझुमॅबला पर्टुझुमॅब हे हर-टूवरचंच दुसरं इंजेक्शन जोडलं तर जुलाब वाढतात, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

तीन गोळ्या, तीन खोड्या

वाढत्या वयात हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या) गाठी अधिक सापडतात, म्हणून सत्तरीपुढे खरा वापर सीडीके ४/६ ही पेशींची वाढ घडवणारी प्रथिनं रोखणाऱ्या गोळ्यांचाच: पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, अबेमासिक्लिब. सोबत हार्मोनविरोधी औषध: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम रोज, किंवा महिन्याला फुलव्हेस्ट्रँटचं इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत एकेक, सावकाश. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचणाऱ्या सिस्टरना आधी सांगावं.

पॅल्बोसिक्लिब सर्वांत ओळखीचं. २०२३ च्या जानेवारीत भारतातलं पेटंट संपलं आणि जेनेरिकांची रांग लागली, किंमत पार उतरली. रोज १२५ मिलिग्रॅम, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. कॅप्सूल असेल तर जेवणासोबतच. टॅब्लेट असेल तर कशीही चालते. घरात पँटोप्राझोल चालू असेल तर उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल धड शोषली जात नाही.

याचा त्रास रिपोर्टात दिसतो: न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घसरतात. जवळजवळ सगळ्यांचेच घसरतात, आणि इथे विनाकारण घबराट होते. किमोत अस्थिमज्जेतल्या पेशी मरतात. इथे त्या फक्त वाढ थांबवून बसतात आणि सुट्टीच्या आठवड्यात परत कामाला लागतात. त्यामुळे तापासह होणारा गंभीर संसर्ग दोन टक्क्यांहून कमी जणींत दिसतो. एकूण पांढऱ्या पेशी २,४०० पाहून औषध बंद करू नका, हिशेब करा: न्यूट्रोफिल ५० टक्के असतील तर १,२०० झाले, चक्र सुरू करता येतं. १,००० च्या खाली असेल तर नवं चक्र एक आठवडा पुढे. ५०० च्या खाली गेलं तर थांबून पुढची पायरी, १०० किंवा ७५ मिलिग्रॅम. सीबीसी सुरुवातीला, पहिल्या दोन चक्रांत १५ व्या दिवशीही, नंतर दर चक्राआधी. पेशी वाढवायची महागडी इंजेक्शनं इथे सहसा लागत नाहीत. कोणी दर महिन्याला लिहून देत असेल तर मात्रा का कमी केली नाही, हे विचारावं. आणखी एक गंमत: या गोळीने तांबड्या पेशींचा आकार वाढतो, एमसीव्ही १०० च्या पुढे जातो. ते पाहून बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होतात. आधी बी-१२ मोजा.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देण्याआधी फोन. वयस्कांत कित्येकदा ताप येतच नाही. बडबड, अचानक गोंधळ, जेवण सोडणं हीच संसर्गाची खूण असते. पंच्याहत्तरीपुढे, दूरच्या गावी, आठवड्याला रक्त तपासायची सोय असलेल्या पण ईसीजीची नसलेल्या ठिकाणी हीच गोळी सोयीची. फक्त पसरलेल्या आजारासाठी. शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून तिचा उपयोग दिसलेला नाही.

रायबोसिक्लिबकडे पुराव्याचं पारडं जड आहे. मोनालीसा-२ चाचणीत लेट्रोझोलसोबत ही गोळी घेणाऱ्यांचं मध्य आयुर्मान ६३.९ महिने, नुसतं लेट्रोझोल घेणाऱ्यांचं ५१.४ महिने. पॅल्बोसिक्लिबला पहिल्या फळीत असा आयुष्याचा फायदा सिद्ध करता आला नाही. मग सगळ्यांना हीच का देत नाहीत? कारण याची खोडी ईसीजीत आहे, क्यूटी (ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबते, आणि वयस्कांच्या डब्यातली निम्मी औषधं तीच खोडी करतात.

पसरलेल्या आजारात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या एकदम. शस्त्रक्रियेनंतर ४०० मिलिग्रॅम, तीन वर्षं. २१ दिवस व ७ दिवसांचं चक्र तेच. ईसीजी सुरुवातीला, १४ व्या दिवसाच्या सुमारास आणि दुसऱ्या चक्राच्या आरंभी. क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगानुसार जुळवून घेतलेला क्यूटी, ४५० मिलिसेकंदांच्या आत असेल तरच सुरू करायचं, ४८० च्या पुढे गेला की थांबायचं. इथली मेख अशी की आपल्याकडची बहुतेक ईसीजी यंत्रं बॅझेटच्या सूत्राने क्यूटीसी छापतात आणि नाडी जलद असली की तो आकडा फुगतो. पाहिजे तो फ्रिडेरिशियाच्या सूत्राचा. पट्टीवर ४६८ छापलंय म्हणून घाबरण्याआधी डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्यावं. त्याच दिवशी पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. लघवी जास्त होण्याची बीपीची गोळी घेणाऱ्यांत पोटॅशियम आधीच कमी असतं.

आता तो डबा उघडू. पित्तावर म्हणून घराघरात चालणारी पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल: त्यातलं डॉम्पेरिडोन क्यूटी लांबवतं. घसा धरला की अॅझिथ्रोमायसिन, पोट बिघडलं की ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल, मळमळली की ऑन्डानसेट्रॉन, मन लागत नाही म्हणून एसिटालोप्राम, संधिवाताला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हृदयाची अॅमिओडॅरोन. सगळी त्याच वाटेवरची. यांतली निम्मी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. नायट्यासाठी महिनोन्महिने चालणारं इट्राकोनॅझोल आणि छातीसाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन या तिन्ही सीडीके गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतं. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन व फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन पातळी इतकी पाडतात की महागडी गोळी फुकट जाते. रायबोसिक्लिब स्वतःही इतर औषधांची पातळी वाढवतं: अॅम्लोडिपिन, अॅटोर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन. बीपी अचानक उतरणं, पाय सुजणं, स्नायू दुखणं यांचं मूळ कधी इथे असतं. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि पपनसही टाळलेलं बरं. टॅमॉक्सिफेनसोबत रायबोसिक्लिब देऊ नये.

यकृताच्या तपासण्या पहिले दोन महिने दर पंधरवड्याला. या काळात गुळवेलीचे किंवा 'कॅन्सरवर गुणकारी' असे काढे बंद. एसजीपीटी तिप्पट झाल्यावर दोष गोळीचा की काढ्याचा हे कोणी सांगू शकत नाही आणि बंद पडते ती गोळी.

साठ-पासष्टच्या, हृदय धड असलेल्या, डब्यात कमी औषधं असलेल्या बाईला पहिली पसंती रायबोसिक्लिब. पंच्याऐंशीच्या, पेसमेकर असलेल्या, सात औषधं घेणाऱ्या बाईला नाही.

अबेमासिक्लिबला सुट्टीचा आठवडा नाही. १५० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, अखंड. शस्त्रक्रियेनंतर जोखीम जास्त असलेल्यांना दोन वर्षं. रक्तपेशी इतरांपेक्षा कमी घसरतात, ईसीजीचं झंझट नाही. पण जुलाब. दहांतल्या आठ जणींना होतात, बहुतेकींना पहिल्याच आठवड्यात. तरुण बाईला हा वैताग. वयस्क बाईला हा पडण्याचा, मूत्रपिंड बिघडण्याचा आणि घराबाहेर जाणंच सोडून देण्याचा रस्ता. ही गोळी मधेच सोडणाऱ्यांत वयस्कांचं प्रमाण जास्त आहे, त्याचं कारण मुख्यतः हेच.

तरीही बऱ्याचदा दोष तयारीचा असतो. पहिली गोळी घेण्याआधी घरात हव्यात: लोपेरामाइडच्या २ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची पट्टी, डब्ल्यूएचओ सूत्राची ओआरएसची पाकिटं (एक लिटर पाण्याला एक, दुकानातली गोड पेयं नव्हेत), रात्री पलंगाशी कमोड खुर्ची. पहिली पातळ शौच होताच दोन कॅप्सूल, मग प्रत्येक पातळ शौचेनंतर एक, दिवसात आठच्या पुढे नाही. 'बघू, थांबेल' म्हणत तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत थांबणं हीच नेहमीची चूक. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर लोपेरामाइड न घेता डॉक्टर गाठावा. दूध काही दिवस बंद, ताक-भात, पेज चालते. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नये, त्यातली साखर मीठ शोषण्यासाठी आहे. साखर मोजत राहावं. रोजच्यापेक्षा चार ते सहा वेळा जास्त जावं लागलं आणि २४ तासांत आटोक्यात आलं नाही तर गोळी थांबवावी. सात किंवा त्याहून जास्त वेळा जावं लागलं किंवा सलाइन लावायची वेळ आली तर थांबवून पुढे १०० मिलिग्रॅमवर यावं.

जुलाबाच्या दिवशी काय थांबवायचं याची चिठ्ठी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन: अंगातलं पाणी गेलेलं असताना हीच औषधं मूत्रपिंडाला धोक्यात घालतात. रविवारी रात्री फोन न लागल्यामुळे या गोळ्या चालू राहतात आणि सोमवारी क्रिएटिनिन २.५ येतो.

क्रिएटिनिनची आणखी एक फसवणूक. अबेमासिक्लिब मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकणारे वाहक अडवतं, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असूनही आकडा पहिल्या महिन्यात ०.२ ते ०.३ ने वाढतो आणि तिथेच स्थिरावतो. ०.९ चा १.२ झाला, जुलाब नाहीत, तर हे बहुधा तेच. खात्री हवी असेल तर सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी करावी. जुलाब असतील तर मात्र खरी इजा धरूनच चालावं. तेच वाहक मेटफॉर्मिनही बाहेर टाकतात, म्हणून त्याची पातळी वाढते.

एक पाय सुजला, पोटरी दुखली तर रक्ताची गुठळी समजून त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). लांबच्या एसटीच्या प्रवासानंतर विशेष.

वयस्कांसाठी सुरुवातीची युक्ती: ५० मिलिग्रॅम दोनदा दोन आठवडे, मग १०० दोनदा दोन आठवडे, मग १५०. ट्रेड नावाच्या अभ्यासात हीच पायरी वापरली. मोनार्क-ई चाचणीत मात्रा कमी कराव्या लागलेल्यांचा फायदा घटलेला दिसला नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगावं. नाहीतर 'कमी डोस म्हणजे कमी उपचार' या समजुतीने आई पाच-पाच वेळा संडासात जाते आणि मुलांना कळू देत नाही.

हार्मोन-पॉझिटिव्ह गाठींवरच्या उरलेल्या दोन गोळ्या लवकर उरकू. एव्हरोलिमसने तोंडात फोड येतात, त्यावर डेक्सामेथासोनच्या गुळण्या (१० मिली, दोन मिनिटं, दिवसातून चारदा) पहिल्या दिवसापासून करतात, फोड आल्यावर नाही. बोलेरो-२ चाचणीत सत्तरीपुढच्यांत उपचार चालू असताना झालेले मृत्यू जास्त नोंदले गेले, म्हणून ऐंशीच्या बाईला हे औषध लिहिलं गेलं तर दुसरं मत घ्यावं. अल्पेलिसिब मधुमेहींत साखर बेसुमार चढवतं. एचबीए१सी आटोक्यात नसेल तर नकोच.

गोळी आत्ताच सुरू करायची का?

सगळ्यांना पहिल्या दिवसापासून लागते असं नाही. नेदरलँड्समधल्या सोनिया चाचणीत १,०५० बायकांपैकी निम्म्यांना सीडीके गोळी पहिल्या फळीत दिली, उरलेल्यांना आधी नुसतं हार्मोन औषध आणि आजार पुढे सरकल्यावर गोळी. दोन्ही टप्पे मिळून आजार आवरून राहण्याचा काळ, मध्य आकडे ३१.० आणि २६.८ महिने, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आधी देणाऱ्यांत गोळीखालचे महिने मात्र सुमारे साडेसोळाने वाढले, त्रासही वाढले. त्यात बहुतेकींना पॅल्बोसिक्लिब होतं, म्हणून रायबोसिक्लिबला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. पण आजार फक्त हाडांत, संथ, आणि बाई अशक्त, तर नुसत्या लेट्रोझोलवर सुरुवात करणारा डॉक्टर उपचारात कसर करतोय असं समजू नये.

चुकलेली किंवा उलटीत गेलेली गोळी तिन्ही सीडीके औषधांपैकी कुठल्याचीही दुसऱ्यांदा घ्यायची नाही, पुढची नेहमीच्या वेळी. २१-७ च्या गोळ्या आठवड्याच्या डब्यात रोजच्या गोळ्यांत मिसळून ठेवू नयेत. सुट्टीच्या आठवड्यात हात सवयीने तिकडे जातो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर सुरुवातीचा दिवस हिरवा, शेवटचा लाल.

खरेदीबद्दल. ७० पूर्ण झालेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. वर्षाला पाच लाखांचं कवच. महात्मा फुले योजनेसारखंच, कुठलं औषध कुठल्या पॅकेजात बसतं आणि घरी न्यायच्या गोळ्या त्यात येतात का, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावं. बिलाशिवाय, बॅच नंबर न लिहिलेल्या बिलावर, किंवा व्हॉट्सअॅपवर 'निम्म्या दरात' मिळणारी इंजेक्शनं घेऊ नयेत. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी रिकाम्या व्हायलमध्येच बनावट औषध भरून विकत होती. डोस संपल्यावर व्हायलचं लेबल आपल्यासमोर खरवडून किंवा काळ्या मार्करने खोडून घ्यावं, आणि खोका घरी नेऊन फाडून टाकावा.